साइट उघडेपर्यंत

परवा आमच्या स्टाफरूममध्ये नव्यानं रुजू झालेल्या एका शिक्षकांनी चहा पिता पिता विचारलं, "सर, ब्लॉग वगैरे आता कोणी लिहितं का हो?" विचारण्याची ढब अशी, की कोणी अजून रेडिओवर बातम्या ऐकतं का. मी "लिहितात की" एवढंच म्हणालो आणि कप धुवायला उठलो. पण तेवढ्यात डोक्यात काकडे मॅडम येऊन बसल्या, त्या काही दिवसभर उठल्या नाहीत.

काकडे मॅडम राजूरला आमच्या शाळेत क्लार्क होत्या. केदारखेड्याहून रोज काळ्या-पिवळ्या जीपनं यायच्या. जीपवाल्यानं उशीर केला, तर येताना त्याचंच बौद्धिक घेत घेत उतरायच्या. बुटक्या, अंगानं भरलेल्या, चष्मा दोरीनं गळ्यात. ऑफिसातलं पेन टेबलाच्या पायाला बांधलेलं. पंच करायचं मशीन कपाटात, कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला. शाळेतला कॉम्प्युटर त्यांच्याच ताब्यात होता आणि त्याला त्या कधीही कॉम्प्युटर म्हणायच्या नाहीत. "हा आज काही ऐकून राह्यला न्हाई," असं सांगायच्या. नवीन माणसाला वाटायचं, बाईंच्या घरी काहीतरी बिनसलंय.

मी विज्ञान शिकवतो, त्यामुळे नाक खुपसायची सवय धंद्यातच आहे म्हणा. या बाईंबद्दल मला पहिल्यांदा कुतूहल वाटलं ते जूनमध्ये, प्रवेशाच्या दिवसांत. एक बाप पोराला घेऊन आला होता. ऊसतोडीला जाणारं कुटुंब, जन्माचा दाखला नव्हता.

"जन्मतारीख?" मॅडमनी विचारलं.

"टाका की मॅडम एक जून. समदे तेच टाकतेत."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. त्यांनी टोपण लावलं की समोरच्यानं समजून घ्यायचं.

"एक जूनला झालं का हे?"

"ते न्हाई मला सांगता यायचं. आम्ही कारखान्याला गेल्तो. तिकडं फडावरच झालं."

"मंग ज्याला सांगता येतं त्याला आणा. याच्या आईला घेऊन या."

आमच्या भागात एक जूनचं महत्त्व वेगळं सांगायला नको. शाळा जूनमध्ये उघडायची, पोराला सहावं पूर्ण झालं असं दाखवायचं असायचं. मास्तर काय करणार, एक जून लिहून मोकळे व्हायचे. अशा हिशेबानं मराठवाड्यातली अर्धी माणसं एकाच दिवशी जन्मली आहेत. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या पोराची आई आली आणि दाराशीच उभी राहिली. मॅडमनी तिला आत बोलावून हेडसरांच्या पाहुण्यांची खुर्ची दिली आणि हळूहळू एकेक विचारायला लागल्या. दिवाळी झाली होती का? थंडी कशी होती? कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपड्यांत, तेव्हा अजून कोण बाळंतीण होती का? बाई "आता काय सांगू" म्हणत राहिली आणि मग एकदम म्हणाली, "त्या दिशी टोळीला सुट्टी व्हती. मुकादमाच्या पोरीचं लगीन व्हतं ना." मॅडमनी मुकादमाला फोन लावला. मुकादम पत्रिका धुंडाळून बोलला. तारीख सापडली. हे सगळं होईपर्यंत ऑफिसबाहेर रांग लागली होती, आणि रांगेत मीही होतो.

"एवढा खटाटोप काहून मॅडम? एक जूननं काय बिघडतं?" मी म्हणालो.

"सर, दिवस चुकला तर ते लेकरू जन्मभर दुसऱ्याच्याच वाढदिवसाला पेढे वाटंल," त्या म्हणाल्या आणि "पुढचं कोण?" म्हणून माझ्या डोक्यावरून पाहायला लागल्या.

आता ब्लॉगचं सांगतो. शाळेची सगळी माहिती सरकारी साइटवर भरायची असते, हे आता गावातल्या बैलालाही माहीत असेल. मुलं, बाकं, नळ, खिचडी, सगळं. आणि ती साइट काही उघडत नाही. पडद्यावर एक गोल फिरत राहतो. बाकीच्या शाळांचे क्लार्क त्या वेळात मोबाइल बघतात, तंबाखू मळतात, नाहीतर साइटच्या नावानं बोटं मोडतात. काकडे मॅडमनी शेजारीच दुसरी खिडकी उघडली आणि लिहायला सुरुवात केली. मराठी टायपिंग नोकरीसाठी शिकलेल्या होत्याच, बोटं नुसती बसून होती. त्यांच्या ब्लॉगचं नावच होतं 'साइट उघडेपर्यंत'.

मला ते कळलं योगायोगानं. रजेचा अर्ज द्यायला गेलो, तर मॅडम काहीतरी टाइप करत होत्या आणि स्वतःशीच हसत होत्या. क्लार्क माणूस शाळेची माहिती भरताना हसत नाही. मी विचारलं, त्यांनी लपवलं नाही. "लिहून राह्यले," म्हणाल्या. "वाचायचं तर वाचा. न्हाई वाचलं तरी काही बिघडत न्हाई."

मी त्याच संध्याकाळी वाचायला बसलो. काय नव्हतं त्यात! चतुर्थीला गणपतीच्या गर्दीत आमच्या शाळेच्या फाटकाला मोटरसायकली टेकवतात, त्यामुळे फाटक कुठल्या बाजूला वाकलंय आणि वाकडं फाटक ओढायची रशीदभाईंची, म्हणजे आमच्या शिपायाची, पद्धत काय आहे. नवीन पुस्तकांचा गठ्ठा सोडल्यावर आधी वास कोण घेतं. कपाशी वेचायच्या दिवसांत मुलींच्या हजेरीचं काय होतं. एकदा तर नुसतं, आज डब्यात भरल्या वांग्याऐवजी सासूबाईंनी चुकून त्यांच्या पथ्याची भाजी दिली, यावर. फोटो नाहीत, सुविचार नाहीत, 'प्रिय वाचकहो' नाही. आणि प्रत्येक लेखाचा शेवट एकच: 'साइट उघडली. थांबते.' मग वाक्य कुठंही असो. एका लेखात रशीदभाईंनी शाळेत शिरलेला साप स्वतःच्या स्टुलाखाली कोंडला होता, आणि रशीदभाई काठी उचलतात तोच साइट उघडली. मी दुसऱ्या दिवशी पहिला तास सुरू व्हायच्या आधी ऑफिसात.

"सापाचं काय झालं?"

"कुठल्या?" मॅडम म्हणाल्या. मग आठवून, "हां, तो. गेला की. ती धामण होती. रशीदभाईला विचारा."

रशीदभाई म्हणाले, "मॅडम ने बराबर लिखा है सर. पर काठी मी उचलल्ती, हे लिहिलं ना? बस."

ही एक गोष्ट मला फार गमतीची वाटायची. वाचणारे मोजकेच. मी, गावाकडून शहरात गेलेली दोन-चार माजी मुलं, कुणीतरी परदेशातलं, आणि रशीदभाई, ते स्वतःबद्दल आलंय का तेवढं बघायचे. मी एकदा विचारलं, "मॅडम, कोणासाठी लिहिता हे?" वाटलं, काहीतरी खोल उत्तर येईल. त्या म्हणाल्या, "तुम्ही फळ्यावर लिहिता ते कोणासाठी? समदी पोरं बघतेत का?" पण माझं समाधान काही झालं नाही.

एक चूक मात्र त्यांच्या हातून अशी झाली, की तिची चर्चा भोकरदनपर्यंत गेली. आमच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, मोरे गुरुजी, यांचा भला मोठा फ्लेक्स चौकात लागला होता. गुरुजींचा फोटो, गळ्यात झेंडूचा जाड हार, खाली बरीच नावं. जीप भरधाव, चष्मा पर्समध्ये. गळ्यात हार आणि खाली 'शोकाकुल' असणार अशी नावांची रांग, एवढं बघून आपल्याकडचा कुठलाही माणूस जे समजेल तेच मॅडम समजल्या. दिवसभर साइट बंद होती. त्यांनी गुरुजींवर लेख लिहिला, आणि काय लिहिला! गुरुजी प्रार्थनेला उशिरा आलेल्या पोराला रागवायच्या आधी जेवलास का विचारायचे, हे मला तिथंच पहिल्यांदा कळलं. वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

दोन दिवसांनी गुरुजी स्वतः शाळेत आले. गावच्या पतसंस्थेनं त्यांचा सत्कार केला होता, हार त्याचा होता.

मॅडम उठून उभ्या राहिल्या. गुरुजी खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "काकडे बाई, मी गेलो असं म्हणून राह्यल्या तुम्ही. नातसुनेनं वाचून दाखवलं."

"गुरुजी, चुकलं. आत्ता काढून टाकते."

"काढू नका! बिलकुल काढू नका. नोकरीत असताना एवढं चांगलं कधी बोलल्या न्हाईत तुम्ही."

"तुम्ही समोर असलात की रजेचे अर्जच आठवायचे गुरुजी," मॅडम म्हणाल्या, आणि मग दोघंही असे हसले की वर्गातून पोरं डोकवायला लागली.

त्यांनी लेख खरंच काढला नाही. दप्तरात खाडाखोड करायची नसते. चुकलेल्यावर एक आडवी रेघ मारायची, वर बरोबर लिहायचं आणि सही करायची. जन्मभर केलेलं काम, तसंच त्यांनी तिथंही केलं. 'गेले' या शब्दावर रेघ, आणि खाली: 'गुरुजी आहेत. आज शाळेत येऊन चहा पिऊन गेले. चूक माझी. बाकी मजकूर कायम. सु. वि. काकडे.'

पण मी ज्यासाठी हे सगळं लिहितोय, ती गोष्ट एक जूनची आहे.

आमच्या स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जूनला सकाळपासून केक आणि फुगे यायला लागतात. हेडसर एक जून, रशीदभाई एक जून, आणि काकडे मॅडमही एक जून. मला आधी हे माहीतच नव्हतं. दुसऱ्याच्या पोरासाठी मुकादमाला फोन लावणाऱ्या बाईंची स्वतःची तारीख मास्तरांनी टाकलेली निघाली. प्रवेशाच्या कामासाठी शाळेत जमलो होतो, एकच केक आणला, तिघांनी मिळून कापला. हेडसरांनी खुशीत भाषण ठोकलं. मॅडमनी केकचा तुकडा हातात तसाच धरला होता, मग तो रशीदभाईंच्या बशीत ठेवला आणि जागेवर जाऊन बसल्या.

त्या दिवशीच्या लेखाचं नाव 'एक जून'. मी तो इतक्या वेळा वाचलाय की जवळजवळ पाठ आहे. 'माझा जन्म एक जूनचा नाही,' अशी सुरुवात. 'पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी आईच्या माहेरी जन्मले. तीर्थपुरीच्या पुढे जांभळीची वस्ती म्हणून चार घरं होती, तिथं. आईचं नाव सुमन. मी चालायला लागले तेवढ्यात ती तापानं गेली. मामांचं आणि वडिलांचं त्यावरून वाजलं, औषधपाणी केलं नाही म्हणून, आणि दोन्ही घरांचं येणंजाणं तुटलं. वडिलांनी दुसरं लग्न केलं. नव्या आईनं मला पोटच्या पोरीसारखं केलं, तिच्यासमोर जुन्या आईचं विचारायला जीभ उचलली नाही. वडिलांना एवढंच आठवायचं, की मी तुला बघायला गेलो तेव्हा ज्वारीची काढणी चालू होती.'

मग पुढे: 'माझी आत्या मला रागावली की म्हणायची, तू झालीस तेव्हा तुझ्या आईनं भिंतीकडं तोंड फिरवलं. आत्या तिथं नव्हती. निरोप घेऊन आलेल्या माणसानं सांगितलं, म्हणायची. मला तारीख पाहिजे. पण तारखेपेक्षा मला त्या दिवशी तिथं असलेलं एक तरी माणूस पाहिजे. त्याला मी विचारीन, की खरंच तोंड फिरवलं का. कोणी असेल तर इथं लिहा.'

आणि त्याखाली, दरवेळसारखंच, साइट उघडली होती.

या लेखाला मात्र लोक आले. कुठून कुठून आले. 'मी आमच्या विहिरीला पाणी लागलं त्या दिवशीचा, नाव म्हणून गंगाधर.' 'मी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची, आई म्हणते बैलांच्या झुली धुवायच्या राहिल्या.' 'माझा बाप मला मोठ्या भावाची तारीख देऊन आला, आम्ही दोघं कागदावर जुळे.' जो तो आपापला खरा दिवस आणून तिथं ठेवून जात होता. इतक्या साऱ्यांना हे कोणाला तरी सांगायचं होतं आणि सांगायला जागाच नव्हती, याचं मला फार नवल वाटलं. मॅडम प्रत्येकाला उत्तर द्यायच्या. त्यांच्या स्वतःच्या प्रश्नाला उत्तर तेवढं आलं नाही.

मी म्हणालो, "मॅडम, ब्लॉग कोण बघतं? ग्रुपवर टाका. झटक्यात पोचंल." माझ्या आग्रहाखातर त्यांनी टाकलं, मीही चार ग्रुपांवर पुढं ढकललं. दुपारपर्यंत त्याला जोडलेले हात आले, गुलाब आले, एकानं तर 'हॅपी बर्थडे ताई' लिहिलं. संध्याकाळी ग्रुप उघडला तर कापसाचा भाव, कुणाची तरी हरवलेली बॅग आणि गणपतीची आरती, यांच्याखाली मॅडमची आई कुठल्या कुठं गडप झालेली.

"बघितलं?" मॅडम म्हणाल्या. त्यांना राग आलेला नव्हता. "बाजारात हाक मारली सर, ज्याला ऐकू गेली त्याला गेली. ब्लॉगवर लिहिलं म्हंजे मी घरात बसून हाये, दार उघडं ठिवून. कोणी आज येईल, कोणी लई दिवसांनी येईल. पण येणाराला घर सापडंल."

वस्तीवर त्या एकदा जाऊन आल्या होत्या, लग्नानंतर, नवऱ्याला घेऊन. मामांनी जमीन विकून केव्हाच गाव सोडलं होतं. घरात दुसरेच लोक, भले होते, चहा केला. त्यांना काही माहीत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "मी त्या घराची मागची खोली बघू का म्हणलं. कांदे भरलेले होते. बघून आले."

मग वर्षं गेली. मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी मॅडम निवृत्त झाल्या, एक जूनवाल्यांना त्याच दिवशी घरी पाठवतात. शाल, नारळ, फोटो. भाषणात प्रत्येकानं उद्याच्या वाढदिवसाच्या आगाऊ शुभेच्छा दिल्या आणि मॅडम प्रत्येकाला नमस्कार करत राहिल्या. मला मनातून वाईट वाटत होतं. खोट्या दिवसानं त्यांना शाळेत घातलं, आता तोच खोटा दिवस त्यांना बाहेर काढत होता.

मला उत्सुकता वेगळीच होती. आता कुठली साइट आणि कुठलं थांबणं? ब्लॉग बंद पडणार. पण पुढच्याच आठवड्यात नवीन लेख आला. घरच्या मोबाइलवर, एका बोटानं लिहिलेला. विषय: दुपारी घरी असलं की अंगणात कोण कोण येतं. तो चांगला लांबलचक होता, आणि पहिल्यांदाच त्यातलं शेवटचं वाक्य पूर्ण होतं. मी फोन करून म्हणालो, "आता कशाची वाट बघून लिहिताय?" म्हणाल्या, "हात बसू देत न्हाई सर. अन् तो लेख तिथं हाये ना. मी बंद केलं अन् कोणी आलं मंग?"

आणि आलं. पोळ्याच्या सुमारास मॅडमचा फोन. आवाज ओळखू येईना. "सर, तुमची गाडी हाये का मोकळी? ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तीर्थपुरीला जायचंय."

झालं होतं असं. तीर्थपुरीच्या एका कॉलेजातल्या मुलीला, ऋतुजा तिचं नाव, आजीच्या गावाची माहिती गोळा करायचा प्रकल्प दिला होता. आजीचं माहेर जांभळीची वस्ती. पोरीनं मोबाइलवर नाव टाकून शोधलं. सरकारी नकाशात नाही, बातमीत नाही, कशात नाही. सगळ्या जगात त्या वस्तीचं नाव एकाच ठिकाणी लिहिलेलं निघालं, मॅडमच्या 'एक जून'मध्ये. तिनं ते आजीला वाचून दाखवलं. आजी ऐकता ऐकता उठून बसली आणि म्हणाली, ही तर सुमीची पोरगी. ऋतुजानं लेखाखाली लिहिलं होतं, इंग्रजी अक्षरांत मराठी: 'माझी आजी तिथं होती. लवकर या. तिला नीट दिसत नाही पण आठवतं सगळं.'

राजूरहून जालना, अंबड करत आम्ही निघालो. दोन्ही बाजूंना मोसंबीच्या बागा. एरवी मॅडम एकाही बागेला नावं ठेवल्याशिवाय सोडायच्या नाहीत. त्या दिवशी मांडीवर पिशवी घट्ट धरून बसल्या होत्या, पिशवीत साडी आणि पेढे. अंबड सोडल्यावर एकदाच बोलल्या. "सर, खरंच फिरवलं असंल तोंड, तर?"

मी गाडी हळू केली, म्हणालो, "परत फिरायचं का?"

"न्हाई," त्या म्हणाल्या. "चला जल्दी."

बाजाराच्या मागच्या गल्लीत घर. गोदाआजी ओट्यावर बाजेवर बसलेल्या, वाळलेल्या, ताठ. ऋतुजा म्हणाली, "आजी, आल्या." आजींनी दोन्ही हात पुढे केले. मॅडम बाजेच्या कडेला टेकल्या तसे ते हात त्यांच्या दंडावरून, खांद्यावरून फिरायला लागले. मी दाराशी उभा राहिलो. निघून जावं असं वाटत होतं आणि पाय हलत नव्हता.

"इतके दिवस कुठं व्हतीस गं?" आजी रागावूनच म्हणाल्या.

"केदारखेड्याला."

"सुमीचं घर अन् आमचं घर, मधी एक भिंत. माझं लगीन तवा नवंच झाल्तं. पहिल्या संक्रांतीला माहेरी आल्ते. भोगीचा दिवस. सुमी तीळ लावून बाजरीच्या भाकरी थापून राह्यली व्हती, अन् कळा आल्या. पण बाई तवा सोडीना! म्हणे एवढी भाकर उलटते अन् येते. मी हाताला धरून वढलं तिला."

भोगी. म्हणजे संक्रांतीचा आदला दिवस. तेरा जानेवारी. मी मनातल्या मनात तारीख मांडून मोकळा झालो आणि मॅडमकडे पाहिलं. त्यांनी तारखेकडे लक्षच दिलेलं नव्हतं.

"आजी," त्या म्हणाल्या, "मी झाले तवा आईनं भिंतीकडं तोंड फिरवलं म्हणतेत. खरंय का?"

आजी लगेच म्हणाल्या, "फिरवलं की."

मॅडमचा हात त्यांच्या हातातच होता. मान खाली गेली. ऋतुजानं माझ्याकडे पाहिलं आणि मी अंगणाकडे पाहायला लागलो.

"फिरवंल न्हाई तर काय करंल?" आजी म्हणाल्या. "तिची आई समोर बसलेली, तोंड फुगवून, पोरगी झाली म्हणून. अन् मी तुला पुसून सुमीपाशी दिलं. तिनं बघितलं अन् मला म्हणली, गोदे, ही तर माझ्यासारखीच नकटी झाली गं! अन् तिला हसू आलं. आता आईच्या म्होरं हसायचं कसं? मंग भिंतीकडं तोंड केलं अन् हसली. लई हसली. खांदे हालून राह्यले व्हते तिचे. म्हातारीला वाटलं रडती. बाहेर जाऊन तेच सांगितलं तिनं समद्यांला."

मॅडमचा हात सावकाश वर गेला आणि नाकावर थांबला. इतकी वर्षं मी त्या बाईंबरोबर काम केलं, त्यांचं नाक बसकं आहे हे मला तेव्हा दिसलं. आजींनी चाचपत आपली बोटं तिथंच नेली, नाकाचा शेंडा चिमटीत धरून हलवला आणि म्हणाल्या, "हेच. हेच नाक." मॅडमनी पदर तोंडाला लावला आणि ओट्याच्या भिंतीकडे वळल्या. मला त्यांची फक्त पाठ दिसत होती. खांदे हलत होते.